कढीपत्त्यावरचा किडा

विश्वास करंबेळकरांना किडा दिसत नव्हता. ज्या माणसानं चौतीस वर्षं किडे ओळखण्याचा सरकारी पगार घेतला, त्याच्यावर यापेक्षा वाईट वेळ कोणती यायची, असं कुणालाही वाटेल. पण वाईट वेळ येऊन गेली होती. चौदा महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी त्यांचा एकुलता एक मुलगा उन्मेष गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगला बसला असताना खुर्चीतून कलंडला, तो पुन्हा उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर डोळे राहिले काय आणि गेले काय, विश्वासरावांना त्याचं सोयरसुतक उरलं नव्हतं.

तसे डोळे पूर्ण गेले नव्हते. दोन्ही पडद्यांवर मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं सगळं दिसायचं आणि जे बघायचं नेमकं तेवढंच दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या आणि शेवटी 'इस उम्र में इतना तो चलता है, अंकल' असं सांगून ते मोकळे झाले. विश्वासरावांनी वाद घातला नाही. वाद घालायला आत कुणीतरी जागं असावं लागतं.

गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दोघंच राहत होती. शहात्तर वर्षांचे विश्वासराव आणि त्यांची सून देवयानी. विश्वासरावांच्या पत्नी मीनाक्षीबाई नऊ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. देवयानी एकोणचाळीस वर्षांची, माहेर पुण्याचं, नोकरी नोएडातल्या सॉफ्टवेअर कंपनीत. मूलबाळ नव्हतं. सासऱ्या-सुनेचं भांडण नव्हतं आणि भांडण व्हावं इतकं बोलणंही नव्हतं. सकाळी ती त्यांच्या गोळ्या डबीत लावून ठेवी, पोहे नाहीतर उपमा करी, कॅबनं जाई, संध्याकाळी येई, पोळ्या करी. रडारड झालीच नव्हती. तेराव्याला पुण्याहून आलेल्या आत्या-मावश्या 'रड गं, मोकळी हो' म्हणून तिच्या मागे लागल्या होत्या. ती 'हो' म्हणाली आणि आत जाऊन त्यांच्या परतीच्या तिकिटांच्या प्रिंट काढत बसली. फार धीराची आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. धीरबीर काही नव्हता. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तशी ती अख्खी झाली होती. विश्वासरावांचंही तेच. दोन सुन्न माणसं एका घरात राहिली की घर मोठं शांत चालतं, आणि शेजारी म्हणतात, किती समजूतदार लोक आहेत.

मार्चच्या सुरुवातीला एकदा पोळी वाढता वाढता देवयानी म्हणाली, "बाबा, ऑफिसमधून विचारतायत. पुण्याच्या टीममध्ये जागा आहे. एकवीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

विश्वासरावांनी मनात हिशेब मांडला. ही गेली तर गोळ्या कोण लावणार, गॅस बंद झाला की नाही ते कोण बघणार, बँकेचा मेसेज कोण वाचून दाखवणार? मुलगा गेल्यावर त्यांना नीट दुःख करता आलं नव्हतं. भीती मात्र व्यवस्थित वाटायची.

"अच्छा," ते म्हणाले. "पण तुला इथंच बरं वाटतं ना? इतक्या वर्षांची सवय. पुण्यात आता काय राहिलंय? नुसता ट्रॅफिक."

"हो बाबा," देवयानी म्हणाली. "मी नाही म्हणून कळवते."

"घाई नाही. सावकाश कळव."

"हो."

त्यांनी आणखी अर्धी पोळी मागितली. प्रश्न मिटला, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि ते बजावावं लागलं याकडे कानाडोळा केला.

फ्लॅटला मागच्या बाजूनं दोन खाटा मावतील एवढी बाग होती. बागेत तुळस, मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणि मीनाक्षीबाईंनी वीस वर्षांपूर्वी पुण्याहून पिशवीत घालून आणलेला कढीपत्ता. दिल्लीच्या थंडीनं दरवर्षी त्याची पानं झडत आणि दरवर्षी होळीच्या सुमाराला त्याला पालवी फुटे. आता तो वरच्या बाल्कनीला टेकला होता. अर्धी सोसायटी 'थोड़ा करी पत्ता' म्हणत दाराशी यायची. देवयानी रोज सकाळी त्याच्यापाशी जाई. फोडणीला पानं लागतात दहा, पण ती उभी राही दहा मिनिटं. दिवसभरात ती ज्या गोष्टी करी, त्यांतली एवढी एकच तिला कुणी सांगितलेली नव्हती.

नऊ तारखेच्या रविवारी ती तिथून परत आली आणि म्हणाली, "बाबा, कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काहीतरी बसलंय. एकदम बारीक. पंख आहेत."

विश्वासराव खुर्चीत ताठ झाले. कित्येक महिन्यांत ते असे ताठ झाले नव्हते.

इथं त्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. परदेशातून येणारी रोपं, कलमं, बियाणं तपासणाऱ्या एका सरकारी कार्यालयात ते होते. कुठल्या पेटीतून कुठला किडा देशात शिरतोय, हे बघायचं आणि त्याला अडवायचं. त्या खात्यात त्यांचं नाव होतं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. मोबाईल यायच्या आधीच्या काळात दूरच्या नाक्यावरचा एखादा इन्स्पेक्टर ट्रंक कॉल लावायचा, हातातल्या किड्याचं वर्णन करायचा, आणि विश्वासराव दिल्लीतल्या टेबलाशी बसून पाच-सहा प्रश्नांत त्या किड्याचं नाव सांगायचे. 'फोन पे कीड़ा पकड़ते हैं' असं त्यांच्याबद्दल कॅन्टीनमध्ये बोललं जाई. आता डोळे नव्हते, पण फोनवर तरी डोळे कुठं लागत होते?

"मी बसतो इथं पायरीवर," ते म्हणाले. "तू झाडापाशी उभी राहा आणि सांग."

देवयानीनं मोबाईलवर फोटो काढून बघितला होता. मोबाईलच्या अॅपनं एका फोटोला डास म्हटलं होतं आणि दुसऱ्याला लवंग. विश्वासराव त्यावर हसले. उन्मेष गेल्यानंतर ते प्रथमच हसले, आणि हसू त्यांनाच परक्याचं वाटलं.

"केवढा आहे?"

"तिळाएवढा. तिळाहून थोडा लहान."

"पंख कसे ठेवलेत?"

"पाठीवर. उतरत्या छपरासारखे. काचेसारखे आहेत, आरपार दिसतंय."

"आरपार? नीट बघ. कडेला तपकिरी झाक असेल."

देवयानी वाकली. "असेल," ती म्हणाली. "हो, आहे थोडी."

कोवळी पालवी, मार्च महिना, कढीपत्ता, छपरासारखे पंख. त्यांच्या डोक्यात एक नाव उभं राहिलं आणि ते नाव त्यांना फार आवडलं. सायला. लिंबू-संत्र्यांच्या बागा वाळवणाऱ्या रोगाचा वाहक. कढीपत्त्यावर हा आरामात राहतो, कढीपत्त्याला त्यानं तो रोग होत नाही, पण तिथून तो लिंबाच्या झाडांवर जातो. या किड्यापायी त्यांनी अख्ख्या पेट्या जाळायला लावल्या होत्या. मोठा शत्रू होता. आणि माणूस निकामी होऊन घरात बसला असला, की लहानसहान शत्रूनं त्याचं भागत नाही.

"मागची बाजू वर उचलून बसलाय, बरोबर? डोकं खाली आणि शेपटीकडचा भाग वर?"

"हो... तसंच."

"बोट जवळ नेलंस की टुणकन उडी मारतो ना?"

देवयानीनं बोट जवळ नेलं. थोडा वेळ गेला.

"हो बाबा."

"मागे दोन बारीक काट्यांसारखं काहीतरी आहे," ती जरा थांबून म्हणाली. "काळं."

"पाय असतील ते." विश्वासरावांनी हात झटकला. "सायलाच आहे. बिल्कुल सायला."

आपल्या कामाची शिस्त मात्र ते विसरले नव्हते. नमुना ठेवल्याशिवाय नाव द्यायचं नाही. त्यांनी देवयानीला एक शेंडा खुडायला लावला, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत सॅनिटायझर घालून त्यात बुडवायला लावला, आणि तारीख, जागा, झाड असं सगळं चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीला चिकटवायला लावली. ओळखणाऱ्याचं नाव म्हणून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. देवयानीनं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये अरोरा म्हणून एक गृहस्थ होते. ते सेवानिवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा जीव कुंड्यांतल्या लिंबांत आणि किन्नू नावाच्या संत्र्यांत होता. बारा कुंड्या होत्या आणि बाराही झाडांना नातवंडांची नावं होती. विश्वासरावांनी त्यांना कुंपणापाशी बोलावून सायलाची सविस्तर हकिगत ऐकवली. अरोरांचा चेहरा विश्वासरावांना दिसला नाही, पण श्वास ऐकू आला.

"तो अब क्या करें, करंबेळकर साब?"

खात्यात असताना या प्रश्नाला एकच उत्तर असे. किडा ज्यावर वाढतो ते झाड वाचवायचं नाही, आजूबाजूची वाचवायची.

"पेड़ निकालना पड़ेगा," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपण पुन्हा कुणीतरी आहोत असं वाटलं. हे वाटणं खोटं होतं असं नाही. भूक लागलेल्याला जेवण मिळावं तसं ते त्यांना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी देवयानीला विचारलं, "कढीपत्ता काढून टाकलेलाच बरा, नाही का? उगीच दुसऱ्याच्या झाडांना त्रास."

"हो बाबा," देवयानी म्हणाली.

पुढच्या शनिवारी सोसायटीचा माळी करवत घेऊन आला. वीस वर्षांचं झाड पंचवीस मिनिटांत खाली आलं. फांद्या उघड्यावर नेऊ नका, असा विश्वासरावांचा हुकूम होता, म्हणून देवयानीनं काळ्या पिशव्या धरल्या आणि माळ्यानं त्यांत फांद्या कोंबल्या. कढीपत्त्याचा वास सगळ्या मजल्यांवर पसरला. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडून विचारलं, आज काय साऊथ इंडियन बेत आहे की काय. देवयानीनं पिशव्यांची तोंडं बांधली, हात धुतले आणि ऑफिसचं राहिलेलं काम करायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. त्या दिवशी पोह्यांना कढीपत्ता नव्हता. विश्वासरावांनी पोहे खाल्ले आणि छान झालेत म्हणाले.

आपली ही कामगिरी कुणा जाणत्याला दाखवावी, असं त्यांना वाटू लागलं. म्हणून त्यांनी देवयानीकडून राधाला फोन लावून घेतला. राधा त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं होती, आता त्याच कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होती. वाढली दिल्लीतच, त्यामुळे बोले हिंदी. उन्मेषच्या वेळी ती आली होती आणि विश्वासरावांचे हात हातात धरून अर्धा तास नुसती बसली होती. ती वीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी आली. देवयानी तेवढ्यात ऑफिसमधून परतली होती. दुसऱ्या दिवशी पुण्याचा निर्णय कळवायचा होता, पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

विश्वासरावांनी बाटली राधाच्या हातात दिली. तिनं पर्समधून भिंग काढलं, किडा एका पांढऱ्या बशीत ओतला आणि खिडकीपाशी जाऊन वाकली. दहा सेकंद लागले असतील. सरळ झाली, पुन्हा वाकली. पुन्हा वाकली ती ओळखायला नव्हे, आता हे कसं सांगायचं ते ठरवायला.

"सर," ती म्हणाली, "ये सायला नहीं है. एफिड है. पंखवाला एफिड."

मावा. गुलाबावर, मोहरीवर, वालावर, दिल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतो तो मावा. पाण्याची जोरदार धार मारली की धुऊन जातो. शेतकी शाळेच्या पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा झोपेत ओळखेल.

"शक्यच नाही," विश्वासराव मराठीतच बोलून गेले, आणि मग हिंदीत म्हणाले, "वो कूदता था. एफिड कूदता है क्या?"

"नहीं कूदता, सर. पंख भी बिल्कुल साफ हैं, कोई दाग नहीं. और पीछे ये दो काली नलियां..." राधा बोलता बोलता थांबली. "कूदते हुए किसने देखा?"

"हिनं. देवयानीनं."

देवयानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विश्वासरावांनी मान वळवली. दाराची चौकट त्यांना दिसली, तिच्या ओढणीचं टोक दिसलं.

"नाही मारत होता उडी," देवयानी म्हणाली. "नुसता हळूहळू चालत होता."

राधा हुशार बाई होती. चहा थोडाच पिऊन, सोमवारी पुन्हा फोन करीन म्हणून ती लगेच निघाली. जाताना विश्वासरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "होता है, सर." तिला धीर द्यायचा होता, पण ते ऐकून विश्वासरावांच्या अंगावर काटा आला, कारण त्यांनी चौतीस वर्षांत हे असं कधीच होऊ दिलं नव्हतं.

राधा गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग तू हो का म्हणालीस?"

देवयानी बशी विसळत होती. "तुम्ही म्हणालात ना, उडी मारतो म्हणून. मला वाटलं मलाच नीट दिसत नसेल. आणि तुम्ही इतके... तुम्हाला बरं वाटत होतं, बाबा."

"आणि पंख?"

"काचेसारखेच होते."

"आणि झाड? ते तोडताना तरी बोलायचंस."

बशी पुसून तिनं जागेवर ठेवली आणि कणीक मळायला घेतली.

विश्वासराव दिवाणखान्यात एकटे बसले. शरम म्हणजे काय, हे त्यांना त्या संध्याकाळी नीट कळलं. मावा ओळखता आला नाही ही शरम फार मोठी नव्हती, ती म्हातारपणावर ढकलता आली असती. मोठी वेगळीच होती. त्यांच्या हाताखाली जे कुणी शिकले त्यांना त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पलीकडच्या माणसाला उत्तर हातात देऊन प्रश्न विचारायचा नाही. उडी मारतो का, असं विचारायचंच नाही. बोट जवळ नेल्यावर काय करतो, असं विचारायचं आणि तोंड मिटून बसायचं. कारण पलीकडचा इन्स्पेक्टर तुमच्याहून ज्युनिअर असतो, तुम्ही साहेब असता, साहेबाला खूश करावं असं त्याला वाटतं. मग तो हो म्हणतो. त्यात त्याची चूक नसते. साहेबाची असते.

घरातली सून तर ज्युनिअरहून ज्युनिअर.

आणि मग, कुणी न बोलावता, बाकीचे प्रश्न येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. उन्मेषचे कपडे देऊन टाकायचे ना, उगीच कपाट अडतं? हो बाबा. गणपती या वर्षी नको, असंच वाटतं ना तुलाही? हो बाबा. तुझ्या आईला कशाला इकडे बोलवायचं, तिचीच गैरसोय, नाही का? हो बाबा. तू बरी आहेस ना? हो बाबा. चौदा महिने त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. उत्तरं सांगितली होती आणि तिच्याकडून सही घेतली होती.

जेवताना ते काही बोलले नाहीत. ती काही बोलली नाही, पण ते रोजचंच होतं.

शुक्रवारी सकाळी देवयानी गोळ्यांची डबी त्यांच्यापुढे ठेवून पर्स घ्यायला वळली, तेव्हा ते म्हणाले, "देवयानी, जरा बस."

"कॅब येईल आता, बाबा."

"थांबू दे तिला."

ती समोरच्या खुर्चीत बसली. विश्वासरावांना तिचा एक कान दिसत होता आणि भिजलेले केस. हा प्रश्न त्यांनी पहाटेपासून तोंडात घोळवला होता. त्यातून सगळी उत्तरं काढून टाकायला त्यांना दोन तास लागले होते.

"पुण्याच्या नोकरीचं तुझ्या मनात काय आहे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी काही म्हणत नाही."

"पण तुमचं इथं कसं..."

"ते माझं झालं. मी तुझं विचारतोय."

ते तोंड मिटून बसले. हे सोपं नव्हतं. प्रत्येक दोन सेकंदांनी त्यांच्या जिभेवर काहीतरी मदतीला येत होतं, एखादं 'म्हणजे बघ', एखादं 'तसं काही नाही', आणि ते गिळावं लागत होतं. बाहेर भाजीवाला ओरडून पुढे गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली. देवयानीचा कान हलला नाही.

"मला जायचंय," ती म्हणाली.

विश्वासराव गप्प राहिले.

"मी नाही म्हणून कळवलेलं नाहीये. रोज मेल उघडते, नाही असं लिहिते आणि पुसते. पंधरा दिवस झाले." तिचा आवाज सपाट होता, हजेरी द्यावी तसा. "तिकडं गेल्यावर बरं वाटेल असंही नाही. मला काहीच वाटत नाही, बाबा. तो गेला तेव्हापासून नाही वाटत. सकाळी झाडापाशी उभी राहिले की थोडंसं वाटायचं. ते झाड मला हवं होतं."

"हं," विश्वासराव म्हणाले.

एक वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. मीही येतो तुझ्याबरोबर पुण्याला, माझं इथं काय ठेवलंय, तुला चालेल ना? रात्री त्यांनी हा बेत पक्का केला होता. सुटसुटीत होता. कुणाचंच नुकसान नव्हतं आणि ती नक्की हो म्हणाली असती. ते वाक्य त्यांनी ओठांवरून मागे घेतलं. आयुष्यात इतकं जड काही त्यांनी उचललं नव्हतं.

"आणि माझ्याबद्दल?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल तुला काय वाटतं ते सांग."

बाहेर कॅबचा हॉर्न वाजला. तिचा मोबाईल थरथरला आणि थांबला आणि पुन्हा थरथरला. तिनं तो उलटा करून ठेवला.

"तुम्ही येऊ नये," देवयानी म्हणाली. "माझ्याबरोबर. तुम्ही येऊ नये असं वाटतं."

विश्वासरावांनी खुर्चीचे हात धरले.

"तुम्ही खोकलात की तो खोकल्यासारखं वाटतं. चप्पल पायानंच पायातून काढता, तो तसाच काढायचा. संध्याकाळी मी कुलूप उघडते आणि तुम्ही आतून 'कोण' म्हणून विचारता, तो आवाज त्याचा आहे, बाबा. तुमचा नाहीच तो. रोज संध्याकाळी दारात दोन सेकंद मला वाटतं की तो घरी आलाय. मग मी आत येते आणि तुम्ही असता." सपाट आवाज मधोमध फाटला. "तुम्ही असता. चौदा महिने, रोज. तुमचा काही दोष नाही. पण मला तुमचा राग येतो."

ती रडत होती. विश्वासरावांना ते दिसलं नाही, ऐकू आलं. आत्या-मावश्यांनी मागितलं होतं तसलं रडणं ते नव्हतं. ते कुरूप होतं, नाक ओढत, श्वास अडकवत, लाज न बाळगता.

विश्वासरावांना लागलं. इतकं लागलं की क्षणभर त्यांना वाटलं, उन्मेषसारखंच आता आपणही खुर्चीतून कलंडणार. पण ते कलंडले नाहीत. त्यांना लागलेलं होतं आणि ते शुद्धीवर होते, आणि तिनं सांगितलेलं खरं होतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "कर मेल."

"तुमचं इथं..."

"ते मी बघतो. राधाला विचारतो, माणूस ठेवतो, काहीही करतो. तू मेल कर."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि मोबाईल उचलला. बाहेरचा हॉर्न थांबला होता, कॅब बहुधा निघून गेली होती. ती बराच वेळ लिहीत होती. विश्वासरावांनी काय लिहितेस ते विचारलं नाही, वाचून दाखव असं म्हणाले नाहीत. ते फक्त तिच्या बोटांचा काचेवरचा बारीक आवाज ऐकत बसले.

"पाठवला," देवयानी म्हणाली.

विश्वासरावांनी मान डोलावली. आणखी एकदा डोलावली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकून उन्मेषला हाक मारली, पूर्ण आवाजात, तो पलीकडच्या खोलीत असावा तशी. देवयानी उठली नाही. तिनं त्यांना पाणी दिलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. ती समोरच्या खुर्चीत बसून आपल्यापुरती रडत राहिली, आणि त्यांनी तिला तसं रडू दिलं.